चौक क्रमांक सात

जानेवारी, सकाळचे सात. लष्करात धुकं इतकं
की बस आधी ऐकू येते, मग दिसते.
पानवाल्याकडून मागून आणलेल्या दोन खुर्च्या,
एकीवर निहाल कुशवाह, दुसरीवर मी,
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता:
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
दर पंधरा मिनिटांनी नवा कागद.

भदौरिया सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं,
रस्त्याला माणसं कळत नाहीत, जागा कळते.
म्हणून सगळ्याची मोटार करायची.
मोटार म्हणजे एक. बस तीन.
हातगाडीही तीन, कारण ती हळू चालते
आणि हळू चालणं जागा खातं.
टांगा चार. बैलगाडी आठ.
ग्वाल्हेरभर हिंडून मला एक बैलगाडी दिसलेली नाही,
पण तक्त्यात तिची ओळ आहे,
वारलेल्या आजोबांचं नाव रेशनकार्डावर असतं तशी.
सायकल अर्धी.

ई-रिक्षाला ओळच नव्हती. निहालनं पेन्सिलीनं आखली.
मंगळवारी वरातीची घोडी परत चालली होती,
पाठीवर झूल, लगाम एका हातात, दुसऱ्या हातात फोन.
"इसको क्या लिखें?" निहाल ओरडला.
टांगा वजा टांगा, मी म्हटलं. दोन लिहिले.
हसत होतो आम्ही

तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटांनी बाबा आले.
मफलरवरून नाही ओळखलं, चेनवरून:
दर काही फेऱ्यांनंतर एकदा कट्.
दाल बाजार इथून सरळ.
सव्वीस वर्षं सरळ, त्याच पेढीवर, त्याच खातेवह्यांकडे.
बाबा उजवीकडे वळले.
हात दाखवून, नियमानं,
मागे कुणी नसताना.

माझ्या पेन्सिलीनं रेघ मारली:
सायकल, उजवं वळण, नऊ ते सव्वानऊ.
तिला शिकवलंच होतं तसं. आधी मोज, मग बघ.

बुधवारी उजवीकडे. गुरुवारी उजवीकडे.
शुक्रवारी सायकल ढकलत आले, पुढचं चाक बसलेलं.
मी सरांना फोन लावला,
ढकलत नेलेली सायकल कशात धरायची?
"वो पैदल है," सर म्हणाले,
"पैदल अपनी गिनती में नहीं।"

प्रबंधाचा दुसरा कागद घरोघर भरून घ्यायचा होता.
कुठून निघालात, कुठे पोचलात, कशासाठी.
छापायच्या आधी घरच्यांवर करून बघतात.
बाबांनी चष्मा लावला, पेन झटकलं
आणि मुनीमजींच्या गोल अक्षरात भरलं:
घर. दाल बाजार. काम. वीस मिनिटं.
खाली सही केली.
सहीला जागा नव्हती कागदावर.

आई तव्यावरची पोळी उलटत होती.
मी विचारलं, रस्ता कसा असतो हल्ली?
"वाढलीये गं गर्दी," बाबा म्हणाले,
"आणि त्या चौकात दोन पोरं बसतात खुर्च्या टाकून,
काहीतरी लिहीत असतात.
थंडी लागत असेल त्यांना."
आणि आमटी वाढून घेतली,
माझ्याकडे न बघता.

कागद म्हणतो सरळ, चौक म्हणतो उजवीकडे.
अशा न जुळणाऱ्या नोंदी गाळाव्यात, असं पद्धतीच्या प्रकरणात
मीच लिहिलंय, पान एकेचाळीस.
गाळली नाही. दुरुस्तही केली नाही.

शनिवारी माझा लोकरी टोपा
बाबांच्या सायकलच्या हँडलला अडकवलेला मिळाला.
मी तो घालून चौकात गेले,
खुर्ची टपरीच्या आडोशाला ओढली
आणि उजवं वळण निहालला दिलं.
त्याला सगळ्या सायकली सारख्या.